पायाखालची हवा

माझ्या नावावर चार कादंबऱ्या आणि बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी जमा आहे. मागच्या मार्गशीर्षात एका रात्री नारायणगाव-खोडद रस्त्यावर यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. एका लग्नाहून आम्ही दोघं परतत होतो. जीप जुनी, तिचे दिवे मिणमिणते आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस. हिचं सगळं लक्ष उसाकडे. जुन्नर तालुक्यात रात्रीच्या वेळी उसातून बिबट्या कधी रस्त्यावर येईल याचा नेम नसतो, त्यामुळे माझंही अर्धं लक्ष तिकडेच होतं. बिबट्या आला नाही. समोर आली ती उसाची ट्रॉली. टायर फुटून रस्त्यातच उभी. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. खूण म्हणून होता तो चाकाला लावलेला एक दगड, आणि तो दिसला तेव्हा उशीर झाला होता.

मी ब्रेक दाबला. आधी उजव्या पायाने दाबला, मग क्लच सोडून डावा पायही त्यावर ठेवला आणि सीटला पाठ रेटून अक्षरशः उभा राहिलो. गचके खात, इंजिन बंद पडून जीप थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं यांच्यात वीतभर अंतर होतं. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग ही म्हणाली, "अहो, ही गाडी चालवायला एक माणूस आणि थांबवायला दोन माणसं लागतात का?"

प्रश्न रास्त होता. माझा उजवा गुडघा चार वर्षं कुरकुरतो आहे. जिना उतरताना तो बोलतो, आणि त्या रात्रीपर्यंत माझी समजूत होती की तो फक्त जिन्यावरच बोलतो.

ही जीप माझ्याकडे कशी आली ते आधी सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी याच भागातल्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण तेव्हा खोडदच्या माळावर उभी राहत होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या चौकात, बाकीच्या सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. क्रेन, सिमेंटचे ट्रक, जाळीचे गुंडाळे यांची वर्दळ बघून गावातल्या पोरांना वाटू लागलं, की आता इथे माणसांची ये-जा वाढणार आणि गाडीला मरण नाही. मग आमच्या टेबलासमोर रांग लागली. प्रत्येकाला जीप हवी होती.

जीपचं कर्ज द्यायला काय लागायचं हे मला आजही पाठ आहे. कोटेशन, मार्जिन मनी, दोन जामीनदार, सातबारा, विमा, आरसी बुकावर बँकेच्या बोजाची नोंद. या सगळ्यासाठी फॉर्मात रकाने होते. ब्रेकसाठी नव्हता. ज्या वस्तूवर आम्ही पैसे देत होतो ती चालेल का, हे आम्ही दहा प्रकारे तपासायचो. ती थांबेल का, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे.

१९९१ साली तेवीस वर्षांच्या एका मुलाचं कर्ज मी मंजूर केलं. महिंद्राची फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल जीप. तो ती वडापवर लावायचा: नारायणगाव, खोडद, बेल्हे, कधी वर अण्यापर्यंत. नऊ माणसांच्या जागी पंधरा, शिवाय टपावर भाजीचे क्रेट. दोन वर्षांनी अणे घाटातून भरल्या गाडीनिशी उतरताना त्याचे ब्रेक गेले. पोराने डोकं शाबूत ठेवलं आणि दरीऐवजी डोंगराच्या अंगाला गाडी घातली. कोणी दगावलं नाही. दोघांची हाडं मोडली आणि त्याचा स्वतःचा उजवा घोटा चेंगरला. मी रीतसर पाहणीला गेलो आणि अहवालात लिहिलं, 'वाहन दुरुस्त होण्याजोगे आहे.'

ब्रेक का गेले, हे त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. डिझेल वाचवायला तो घाट न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून उतरत होता. त्या काळी पुष्कळजण असं करायचे. इंजिनाचा अडसर गेला की गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर गुळगुळीत होऊन धरेनासे होतात, आणि ऑइल जुनं असेल तर ते उकळून नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण पुढे ढकलत नाही. पेडल सरळ पाट्याला टेकतं. आणि डिझेल वाचवायची एवढी निकड का, तर त्याच्या दोन आठवडे आधी थकलेल्या हप्त्याची नोटीस त्याला गेली होती. नोटिशीवर सही माझी होती.

त्याने कर्ज पूर्ण फेडलं. जीप पुढे पंचवीस वर्षं चालवली. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही खोडदच्या वडिलोपार्जित घरी राहायला आलो आणि पावसाळ्यात मळ्यापर्यंत जायला चिखलातून निघणारी गाडी लागणार हे उघड होतं. २०२१ साली तो आपणहून आला. म्हणाला, "साहेब, घेऊन टाका. माझा पाय आता ऐकत नाही, हिचा ब्रेक जड आहे." मी घेतली. जड आहे म्हणजे किती, हे मात्र ट्रॉली समोर येईपर्यंत मी मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप नारायणगावच्या मिस्त्रींकडे नेली आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "हिला बूस्टर बसवा." मिस्त्री सत्तरीला आलेले, जीपच्या पोटाखालीच आयुष्य गेलेलं. त्यांनी पेडल दोनदा दाबलं आणि म्हणाले, "बसवू. पण साहेब, बूस्टर पायाला असतो, चाकाला नाही."

या एका वाक्यात सगळा विषय आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. साध्या ब्रेकमध्ये पायाचा जोर पेडलच्या तरफेने वाढतो, मास्टर सिलिंडर तो ऑइलच्या दाबात बदलतो, आणि तो दाब चारही चाकांतल्या सिलिंडरपर्यंत जाऊन लायनर ड्रमवर घासले जातात. गाडी थांबते ती लायनर, ड्रम आणि टायर यांच्या पकडीने. बूस्टर यांपैकी कशालाच हात लावत नाही. तो पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसतो आणि तुमच्या पायाचा जोर वाढवतो, एवढंच. लायनर झिजलेले असतील, तर बूस्टर तुम्हाला झिजलेले लायनर कमी श्रमात दाबायची सोय करून देतो.

तो जोर येतो कुठून, हे कळल्यावर मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. तो येतो हवेतून. आपल्या अंगावर हवेचा दाब असतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा; मध्ये रबराचा पडदा. डब्यातली हवा सतत ओढून घेतलेली असते, त्यामुळे एरवी पडद्याच्या दोन्ही अंगांना पोकळीच. पेडल दाबलं की एक झडप उघडते आणि पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. पलीकडे पोकळी, अलीकडे हवा. पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर मास्टर सिलिंडरचा दांडा. आठ इंची डब्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटरच्या वर भरतं. पूर्ण पोकळी कधीच मिळत नाही, दाबातला फरक पाऊण किलोपेक्षा थोडा कमीच धरावा. तरी गुणाकार केला की दोनशे किलोच्या पुढे जातो. बँकेतली सवय, मी पाकिटावर हिशेब मांडून हिला दाखवला. तिने दोन माणसं म्हटली होती, ही जवळजवळ तीन निघाली.

अल्बेर देवांद्र नावाच्या बेल्जियन इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या विशीत ही युक्ती मोटारीसाठी साधली आणि बॉश कंपनीने १९२७ साली ती बाजारात आणली. म्हणजे शोध जुनाच. पण आपल्याकडे १९४७ पासून ज्या जीप जुळू लागल्या त्यांचा मूळ पुरुष युद्धातली विलीज जीप. हलकी, उघडी, तरण्या शिपायाने चालवायची. तिच्या ब्रेकचा हिशेब तशा पायांवर बसवलेला. पंधरा माणसं आणि टोमॅटोचे क्रेट त्या हिशेबात नव्हते, आणि पासष्टीचा गुडघाही नव्हता.

पोकळी मिळवायची कशी, हा पुढचा प्रश्न, आणि इथे आमच्या खोडदचा संबंध येतो. दुर्बिणीला आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की आसपासचा विजेचा कसलाही खडखडाट तिला सहन होत नाही. पेट्रोल इंजिनाच्या प्लगमध्ये दर क्षणाला ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच. अमेरिकेत ग्रीन बँक इथे मोठ्या रेडिओ दुर्बिणीजवळ याच कारणाने डिझेल गाड्याच फिरवतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं आणि रेडिओच्या हिशेबात डिझेल गाडी मुकी राहते. आमची खडखडाटी जीप, जिच्या आवाजाने शेजारच्यांची झोप उडते, ती दुर्बिणीला मात्र अगदी शांत वाटत असणार. विज्ञानदिनाला दुर्बीण बघायला आलेल्या नातवाला मी हे सांगितलं, तर त्याचा विश्वास बसेना.

पण त्याच डिझेलची दुसरी एक उणीव आहे. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर झडप असते. पाय काढला की ती मिटते, इंजिन हवेसाठी तडफडतं आणि त्या नळीत आपोआप पोकळी तयार होते. बूस्टरला ती फुकट मिळते. बहुतेक डिझेल इंजिनांत ही झडपच नसते. हवा मोकळी आत येते, कमीजास्त होतं ते फक्त डिझेल. म्हणून डिझेल गाडीला पोकळी करायला वेगळा पंप बसवावा लागतो. आपल्याकडे तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. त्याला इंजिनचं ऑइल पुरवावं लागतं आणि ते परत जायला वाट ठेवावी लागते. पंपाचं सील खराब झालं तर ते ऑइल नळीतून बूस्टरमध्ये जातं आणि रबरी पडदा फुगवतं. "नुसता डबा आणून लावणारे पुष्कळ आहेत," मिस्त्री म्हणाले, "मग सांगत येतात, बूस्टर बोगस निघाला."

मिस्त्रींनी काम चाकापासून सुरू केलं. चारही ड्रम उतरवले. दोन लेथवर घासून घेतले, एक टाकून द्यावा लागला. मागच्या एका चाकात सिलिंडर गळत होता आणि लायनर ऑइलने माखलेले. म्हणजे त्या रात्री मी तीनच चाकांवर उभा राहिलो होतो. नवे लायनर, नवी सिलिंडरं, रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. मास्टर सिलिंडर मूळचा एकाच दालनाचा होता. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकं गेली. बूस्टरबरोबर दोन दालनांचा आला, त्यामुळे एक बाजू गेली तरी दुसरी राहते. मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, पण तिची जाहिरात कोणी करत नाही, कारण ती पायाला जाणवत नाही.

बूस्टरला जागा हा वेगळाच घोळ. आमच्या जीपचं पेडल पाट्यातून वर येणारं आणि मास्टर सिलिंडर खाली, चिखलाच्या वाटेत. मिस्त्रींनी त्याच कंपनीच्या नंतरच्या जीपचा वरून लोंबणाऱ्या पेडलचा अख्खा संच शोधायला सांगितलं. मी नाना पेठेत दोन फेऱ्या मारल्या. तिथल्या दुकानदारांना गाडीचं वर्ष सांगितलं की ते आधी तुमच्याकडे बघतात आणि मग पार्टकडे. तिसऱ्या खेपेला मिळाला.

जुना पेडल काढला तेव्हा मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. त्यावरचं रबर डाव्या कडेला पार झिजून खालचं लोखंड चकाकत होतं, उजवी कड मात्र बरीचशी शाबूत. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "डाव्या पायाने दाबायचा तो. घोटा वाकत नाही ना." पंचवीस वर्षं. घोट्यात न वाकणारा उजवा पाय पेडलवर आणि त्यावर जोर द्यायला डावा. मी एकदा, एका रात्री जे केलं ते तो रोज करत होता. ते रबर मी घरी आणलं आहे. कुठे ठेवावं ते सुचलं नाही, म्हणून टेबलाच्या खणात आहे.

कागदांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचक उद्या गाडी घेऊन गॅरेजात जातील. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून भाग त्याच कंपनीचे घेतले, बिलं जपून ठेवली, आणि परिवहन कार्यालयात आधी अर्ज केला. गाडी दाखवली, ट्रायल दिली. आयुष्यभर लोकांना 'आणखी एक कागद आणा' म्हणत आलो, आता ते स्वतः ऐकताना गंमत वाटली. थोडीशीच.

पहिली ट्रायल मिस्त्रींच्या मुलाला शेजारी बसवून मी घेतली. नारायणगावच्या बाहेर रस्ता मोकळा बघून नेहमीच्या सवयीने, सगळा जीव ओतून ब्रेक दाबला. चारही चाकं जागच्या जागी बसली, जीप खडीवरून सरळ घसरत गेली आणि त्या मुलाचं कपाळ काचेवर आपटलं. "काका, पाय ठेवायचा फक्त," तो कपाळ चोळत म्हणाला, "मारायचा नाही." पायाची तीस-चाळीस वर्षांची भाषा बदलायला मला तीन आठवडे लागले. ओल्या रस्त्यावर अजूनही मी जपूनच दाबतो. अडकलेलं चाक वळत नाही, हे नव्या ब्रेकने शिकवलं.

मिस्त्रींनी जाताना एक परीक्षा शिकवली, ती पोकळीवर चालणारा असा बूस्टर असलेल्या घरच्या चारचाकीला चालते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाचदा दाबा, म्हणजे डब्यातली पोकळी संपते आणि पेडल दगडासारखं होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर गॅरेज गाठा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषत राहतं.

फेब्रुवारीत तो आला, जीपचा जुना मालक. आता सत्तावन्न वर्षांचा, टोमॅटो आणि थोडी द्राक्षं करतो. उंबऱ्यातूनच हिला म्हणाला, "वहिनी, साहेबांनी जीपला काय केलं म्हणे?" मी किल्ली पुढे केली. तो नको-नको म्हणत होता, मग बसला. मी शेजारी. आमच्या घरापुढे कालव्याकडे जाणारा छोटा उतार आहे. दूरवर तबकड्या दुपारच्या उन्हात सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. उताराच्या मध्यावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि सवयीने डावाही उचलला. पण तो पेडलवर पोहोचायच्या आतच जीप थांबली. डावा पाय तसाच अधांतरी. त्याने तो बघितला, हळूच खाली ठेवला.

मी नोटिशीचं बोलणार होतो. बत्तीस वर्षं बोलायचं राहिलं होतं, आणि ही वेळ बरी दिसत होती. पण तो आधीच बोलला.

"याची हवा इंजिनावर चालते ना साहेब?"

"हो. इंजिन बंद पडलं तर दोन-तीन वेळा दाबण्यापुरती उरते. मग जुन्यापेक्षाही जड."

त्याने मान हलवली, जीप गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मग घाटात इंजिन बंद करू नका," तो म्हणाला. "डिझेलचं काय, होतं पुढेमागे."